तिसऱ्या कडव्यातले बारीक सूर

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि., तू पाठवलेले गाण्याचे कागद मिळाले. कॉम्प्युटरवर काढलेली स्वरलिपी कशी छापील पुस्तकासारखी दिसते, हे तू साऱ्या गायनवृंदाला सांगत सुटला होतास. मी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. हळू-जोरात गायच्या खुणा तू सुरांच्या खाली, थेट शब्दांच्या डोक्यावर बसवल्यास. गाणाऱ्यांच्या कागदावर त्या वर देतात, कारण खाली शब्द असतात. लांबवलेल्या सुराखाली रेघ नाही, मग अक्षर कुठवर ओढायचं ते काय स्वप्नात पडणार?

आणि तिसरं कडवं, जे मी गेली तीस वर्षं एकटी गाते, त्याच्या शब्दांचा माझ्या कागदावर पत्ताच नाही. नुसत्या थांबायच्या खुणा आणि वर मुंगीएवढे बारीक सूर. हा काय प्रकार आहे ते कळव.

लोभ आहे, वाढवायचा की नाही ते दुसरी प्रत पाहून ठरवीन.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून करमणूक झाली. जन्मभर शाईनं बोटं बरबटून वृंदाचे कागद उतरवणाऱ्या बाईनं सॉफ्टवेअरला नावं ठेवावीत, म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. असो. खुणा वर नेल्या, रेघा ओढल्या. चार क्लिकचं काम.

तिसऱ्या कडव्याचं म्हणशील, तर ती सॉफ्टवेअरची करामत. प्रत्येकाचे कागद वेगळे काढताना ते कधीकधी शब्द गाळतं. तुझ्या भावजयीच्या कागदावर ते नीट उमटलेत, तेव्हा यंदा ते कडवं ती सांभाळून घेईल. तू मनाला लावून घेऊ नकोस. दम्याचं औषध वेळेवर घेतेस ना? जिने चढत जाऊ नकोस.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

ता. १३ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, सवयीनं. यंत्र एकवेळ शब्द गाळेल. पण दुसरीचं गाणं बारीक सुरांत माझ्या कागदावर द्यायचं, म्हणजे ते वाचत मला नेमकं कुठे परत सुरू करायचं ते कळावं, ही काळजी कुठलंही यंत्र आपणहून घेत नाही. ते मुद्दाम टाकावं लागतं. मी टाकानं टाकत आलेय, मला शिकवू नकोस. म्हणजे कडवं माझ्याकडून तूच काढून घेतलंस आणि सॉफ्टवेअरच्या मागे लपलास. लहानपणी बरणी फोडून मांजरावर ढकलायचास. पन्नाशी उलटली, मांजर तेवढं बदललं.

आता ऐक. माझा दम पुरत नाही हे मला तुझ्याआधी कळलं. जानेवारीपासून दर गुरुवारी तुझी बायको शिवणाच्या क्लासला म्हणून निघते, ती माझ्याकडे येते. ते कडवं मीच तिच्याकडून बसवून घेतेय. तू एकदा समोर येऊन ताई, आता पुरे, एवढं म्हणशील म्हणून गप्प होते. तेवढंही तुला झालं नाही, याचं फार वाईट वाटलं.

एक दुरुस्ती मात्र कर. तिच्या कागदावर दुसऱ्या ओळीत, लांब सुराच्या आधी श्वासाची खूण दे. ती भिडस्त, स्वतः सांगायची नाही. ती ओळ एका दमात होत नाही. तीस वर्षं मी तिथे चोरून श्वास घेतला, आणि समोर उभं राहून हात हलवणाऱ्या तुला एकदाही कळलं नाही.

लोभ आहे तसाच आहे. चौथ्या कडव्याला मी सगळ्यांबरोबर उभी असेन.

तुझी ताई