घर, पागा आणि मधली तुळई

मी, शैला त्र्यंबक खांबेटे, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार लोणावळा, डोकं ठिकाणावर आणि हात स्थिर असताना, कोणाचंही न ऐकता (ती सवय जुनीच) माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहता बंगला सासऱ्यांनी मला बक्षीसपत्राने दिला. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या यजमानांना, तो विकून कोथरूडला फ्लॅट हवा होता. सासरे माणूस ओळखून होते. बंगला इंग्रज साहेबाने बांधलेला, सागवानी चौकटीचा. सगळा भार खांब, तुळया आणि टेकू घेतात, विटा नुसत्या मधे भरलेल्या. तो मी मुलगा चि. श्रीयश यास देते.

२. बंगल्याला लागून असलेली पागा, वरच्या खोलीसह, श्रीमती सविता जानू केदारी हिला कायमची देते. ती तिथेच राहते आणि पर्यटकांना घोड्यांवरून फिरवते. श्रीयशला पागा पाडून पोहायचा तलाव करायचा होता, म्हणून त्याने तिला जागा सोडायला सांगितलं. हल्ली इथले व्हिला सिमेंटच्या भिंतीवर तपकिरी पट्ट्या चिकटवून ‘इंग्लिश’ होतात. त्याला वाटलं, आपलंही तेच. "आई, ते नुसतं डेकोरेशन आहे गं," म्हणत त्याने पागेतला एक टेकू कापायला लावला. इकडे दिवाणखान्याचं छत करकरलं, दार चौकटीत गच्च बसलं आणि मी आत! दिवाणखान्याची तुळई भिंतीतून आरपार जाऊन पागेतच टेकते, हे इंजिनिअर मुलाला कोण सांगणार? मी खिडकीतून ओरडले. सविताने आंब्याचा ओंडका ओढत आणून तुळईखाली ठोकला, तसं माझं दार सुटलं; मग तिने घोडी बाहेर काढली. घाम पुसत मला म्हणाली, "बाई, घोडी घेऊन मी जाऊ कुटं? मी न्हाई जायाची." मला तिचा फार अभिमान वाटला, तो इथे नोंदवते.

३. बँकेतली ठेव छपराची कौलं आणि वाळवीचं औषध यांवरच खर्चावी. लाकडावर सिमेंट थापणाऱ्यास फाटकातून आत घेऊ नये. ड्रॉइंग बोर्ड आणि रंगांची पेटी नात इरावतीला. थोरल्या जाऊबाईंकडे माझं पितळी घंगाळं आहेच, ते त्यांना दिलं असं समजावं. त्यांनी परत केलं तर मला आश्चर्याने पुन्हा मरावं लागेल.

४. अंमलबजावणी इरावती करील. ती वकील आहे आणि बापाला घाबरत नाही.

सही करण्याआधी हे श्रीयशला वाचून दाखवलं. त्याने छतातल्या तुळईकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, मधली तुळई कुणाच्या नावावर?"

"दोघांच्या," मी म्हटलं. "आता सविताशी गोड बोलायला शीक."

शैला त्र्यंबक खांबेटे (सही)

आमच्यासमक्ष त्यांनी, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही सह्या केल्या:
डॉ. अनिता निळकंठ प्रधान, लोणावळा
निलेश सीताराम विकारी, कार्ले

लोणावळा, १२ नोव्हेंबर २०२४