भुकेविना रोजा

रमजान, दुसरा शुक्रवार. उस्मानपुरा.

आजही इफ्तारला खजूर हातात धरून बसले, अन् पोटात काहीच हललं नाही. बारीक व्हायची गोळी मी पहाटे सहेरीला घेते. जिममधल्या बाईनं दिली, बाजारात अजून आलीच नाही म्हणे. तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, झोप उडते. भूक तेवढी लागत नाही. मग हा रोजा तरी कसला?

माझ्या निकाहचा शरारा मुद्दाम घट्ट शिवून घेतला होता. दुपारी घालून पाहिला, अगदी बरोबर बसला. आनंद व्हायला हवा होता ना?

अम्मी भजी तळता तळता म्हणाली, "आज रोजा लई कडक गेला गं. पोटात नुसती आग पडलीय." मला तिचा हेवा वाटला. लहानपणी अजानच्या आधीच मी खजूर हुंगायची, अन् ती हातावर चापट मारायची. कुठं गेली ती पोरगी?

रोजा सोडताना केलेली दुआ कबूल होते. सगळ्यांनी हात उचलले, मीही.

"काय मागितलंस?" अम्मीनं नंतर विचारलं.

"भूक."

ती हसली. "वेडी! भूक कुणी मागतं का?"

मी नुसत्या पाण्यावर रोजा सोडला. खजूर ओढणीच्या टोकाला बांधलाय. मधूनमधून हुंगून बघते.