डाव्या आट्यांचा प्रेस

दिनांक २, मंगळवार

आजपासून रोजनिशी लिहिण्याचा संकल्प केला आहे. ही कोणीही वाचावयाची नाही. वाचलीच, तर निदान अक्षराचे वळण पाहावे. इयत्ता चौथीपर्यंत शुद्धलेखनात माझी एकही चूक निघाली नाही, आणि चौथीनंतर मीच शाळेत राहिलो नाही. त्यामुळे तो विक्रम आजतागायत अबाधित आहे.

विषय असा. गावाबाहेरचे बागवाले सफरचंदांची वाइन काढतात. ते तिला सायडर म्हणतात. फळांचा लगदा दाबून रस काढण्याचे जे यंत्र, त्यास प्रेस म्हणतात, आणि त्यांचा प्रेस ऐन हंगामात मोडला. मी म्हणालो, नवा करून देतो. ते म्हणाले, काका, या वयात झेपेल का? मी तडक लोखंड आणावयास निघालो. काही प्रश्नांना लोखंडानेच उत्तर द्यावयाचे असते.

चिरंजिवांशी करार झाला. रविवारी बागवाले ट्रायल पाहण्यास येतील. त्यांनी प्रेस पसंत केला, तर मागची खोली माझ्या वर्कशॉपकरिता कायम. न केला, तर सोमवारी भंगारवाला येऊन हत्यारे उचलील आणि खोलीत सोफा येईल. बाबा, आता जरा आराम करा, असे चिरंजीव म्हणाले. डॉक्टर रोगाचे नाव सांगतात त्या आवाजात म्हणाले.

सौ. म्हणाली, घोडामैदान जवळच आहे.

दिनांक ३, बुधवार

डिझाइन पूर्ण. कागदावर काढले नाही. कागद फाटतो.

प्रेसचे भाग चार. पट्ट्यांचा पिंजरा, ज्यात लगदा राहतो व फटींतून रस गळतो. दाबपाट, जो लगद्यास दाबतो. स्क्रू, जो दाबपाटास ढकलतो. आणि चौकट, जी स्क्रूस मागे सरकू देत नाही. पैकी चौकट मी रद्द केली आहे. कारखानेवाले चौकटीवर उगाच लोखंड वाया घालवतात. माझ्या खोलीस मागे दगडी भिंत आहे आणि समोर सागवानी दार आहे. प्रेस आडवा ठेवावयाचा. एक टोक भिंतीस, दुसरे दारास. दार आत उघडते, अर्थात बाहेरच्या बाजूस रेटले असता ते आपल्या चौकटीवर घट्ट बसते. हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही. घर हीच चौकट. ही कल्पना आजवर कोणास सुचली नाही याचे नवल वाटते.

सूनबाईंनी विचारले, मग बाबा, तुम्ही बाहेर कसे येणार? मी सांगितले, स्क्रू सैल करून. सूनबाईंचे लक्ष नेहमी गौण गोष्टींकडे जाते.

दुसरी सुधारणा गुप्त आहे. आटे डावे घेतले. जगातील स्क्रू उजवीकडे फिरवला की आवळतो, डावीकडे फिरवला की सैल होतो. माझा उलट. डावीकडे आवळेल, उजवीकडे सैल होईल. हेतू हा, की कोणास नक्कल करता येऊ नये. सौ.ला हे सकाळी सांगितले, जेवताना सांगितले, आणि तिने ऐकले नसावे अशी शंका आल्याने भांडी घासताना पुन्हा सांगितले. ती म्हणाली, कळलं हो, उलटं आहे. तुमचं सुलट काय आहे ते सांगा, म्हणजे ते लक्षात ठेवते.

दिनांक ४, गुरुवार

प्रेस सिद्ध झाला.

पिंजऱ्याकरिता उत्तम कोरडे लाकूड घरातच उपलब्ध झाले. सौ. दुपारी पलंगावर बसली आणि गादीसकट खाली गेली. मी समजावले की पट्ट्या चांगल्या कार्यास लागल्या आहेत. ती म्हणाली, मग आता माझी पाठ पण त्याच कार्याला लावा.

आट्यांना तेल दिले नाही. सूनबाई तेलाची कुपी घेऊन आल्या होत्या, परत पाठवली. तेलाचा वास रसाला लागतो. कोरडे लोखंड हे प्रामाणिक लोखंड.

सायंकाळी बागवाल्यांनी पाठवलेली सफरचंदे कुटून, लगदा कापडात गुंडाळून पिंजऱ्यात भरला. खोलीत मी एकटाच. दार लावून घेतले, प्रेसचे टोक दारास टेकवले, दांडा डावीकडे फिरवला. थांबलो. रस गळू दिला. पुन्हा फिरवला. प्रेसचे सारे शास्त्र या थांबण्यात आहे. घाई करणाऱ्याच्या पदरात गढूळ पाणी पडते. प्रथम थेंब, मग धार. रंग मधासारखा. छाती भरून आली, परंतु कोणी पाहत नव्हते, म्हणून आवरले.

पहिला पेला सौ.ला द्यावा या हेतूने स्क्रू सैल करण्यास आरंभ केला. उभा जन्म फिटर म्हणून गेला. सैल करावयाचे म्हटले की हात आपोआप डावीकडे वळतो, विचार करावा लागत नाही. दांडा जड गेला. तथापि एक अपूर्व गोष्ट घडली. सैल करतानाही रस येतच राहिला. किंबहुना अधिक आला. हे तत्त्व नवे आहे. त्यास काय नाव द्यावे याचा विचार करीत आहे.

दार उघडले नाही. लाकूड दमट हवेने फुगले असावे. आज येथेच पोत्यावर निजेन. शिष्टाचार म्हणून सौ.ला दारातून हाक मारून कळवले.

दिनांक ५, शुक्रवार, सकाळ

पुन्हा सैल केला. पुन्हा रस आला. दार मात्र कुरकुरले.

दुपार

घरच्यांचा असा समज झाला आहे की मी अडकलो आहे. तसे नाही. दार उघडण्यास तूर्त प्रतिकूल आहे इतकेच. खोलीस मोरी आहे, मोरीत नळ आहे, गल्लीकडे खिडकी आहे. पूर्वीचे कारागीर अशा एकांतासाठी तरसत असत.

जेवण खिडकीच्या गजांतून येते. ताट आत शिरत नाही, म्हणून वाटी येते, मग दुसरी वाटी, मग पाणी. गल्लीतील शिंपी आपल्या दुकानातून पाहत होता. त्याने सौ.ला विचारले, काकांना काय झालंय, सुटका का नाही होत? सौ. म्हणाली, त्यांनी स्वतःलाच दाबून ठेवलंय. शिंपी हसला. त्याने मागील वर्षी माझी पँट आखूड शिवली होती, हे यानिमित्ताने नमूद करून ठेवतो.

दिनांक ६, शनिवार

चिरंजीव सकाळीच खिडकीशी आले. म्हणाले, बाबा, सुताराला बोलावतो, दार फोडतो. मी परवानगी नाकारली. दार हा प्रेसचा भाग आहे. ट्रायलच्या आदल्या दिवशी प्रेस फोडणारे कुलदीपक मी पाहिलेले नाहीत. ते म्हणाले, मग बिजागऱ्या काढा. बिजागऱ्या आतून आहेत, परंतु त्यांचे खिळे नेमके दाबपाटाच्या मागे गेले आहेत. हा दोष डिझाइनचा नसून बिजागऱ्यांचा आहे.

ते म्हणाले, मग तो स्क्रू सैल का नाही करत? मी म्हणालो, परवापासून तेच करतो आहे. त्यांनी कपाळ गजांस टेकवले. मग म्हणाले, सोमवारी भंगारवाला येणार आहे, तेवढं लक्षात ठेवा. बापाशी बोलताना आवाज खाली ठेवण्याची रीत असते; गजांमुळे तो वर चढला असावा.

सौ. म्हणाली, जाऊ दे रे. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

मी तिला समजावले की स्क्रूचे सर्व सामर्थ्य पिळातच असते. ती वाटी घेऊन निघून गेली.

सायंकाळी सर्व बळ एकवटून सैल केला. दांडा किंचित वाकला. लगदा आता पापडासारखा कोरडा झाला आहे. तरीही दोन थेंब आले. दाराच्या मधल्या फळीस उभी चीर गेली आहे. बाहेरून सूनबाईंनी विचारले, बाबा, आत काही मोडलं का? मी उत्तरलो, प्रगती चालू आहे.

भिंतीस पाठ टेकून बसलो. पाय लांब केले की प्रेसला लागतात. बसावयास एवढीच जागा आहे. खोली बांधली तेव्हा मोठी वाटली होती.

दिनांक ७, रविवार, सकाळी अकरा

ट्रायल पार पडली.

बागवाले खिडकीबाहेर उभे राहिले. स्वागतास मी गजांपाशी उभा होतो. त्यांनी विचारले, काका, मी आत येऊ की तुम्ही बाहेर येता? मी म्हणालो, यंत्र येथूनच नीट दिसते. मग म्हणाले, बरं, नवीन फळं आणली आहेत, दाबून दाखवा. मी सांगितले की पिंजरा सध्या व्यापलेला आहे. गुरुवारचा रस मात्र घड्यात राखून ठेवला होता. तो गजांतून दिला. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, तोंड पुसले. म्हणाले, आंबायला लागलाय, छान लागलाय, पण काका, याला लोखंडाची चव आहे. सफरचंदाचा आंबटपणा लोखंडाला खातो. मी म्हणालो, अंगास लोह आवश्यक असते.

मग त्यांनी खिडकीतून मान वाकडी करून पुष्कळ वेळ पाहिले. भिंत पाहिली, दार पाहिले. म्हणाले, काका, हे मला न्यायचं झालं, तर तुमचं घर पण न्यावं लागेल हो.

त्यांनी काल नवीन प्रेस मागवला असल्याचे नंतर कळले. त्यात रबरी पिशवी असते. पिशवीत नळाचे पाणी सोडावयाचे, ती फुगते, फळे जाळीवर दाबली जातात. म्हणजे फुगा. मनुष्याने ज्या कामास हजारो वर्षे स्क्रू झिजवला, ते काम आता फुगा करणार.

चिरंजीव बागवाल्यांना पोचवण्यास निघून गेले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्याच दिवशी, दुपार

सौ. एकटीच खिडकीशी आली. हातात तेलाची वाटी. काही वेळ गज पुसत उभी राहिली. मग म्हणाली, अहो, एक विचारू? तुम्ही मला तीनतीनदा सांगितलंत ना, आपला स्क्रू उलटा आहे म्हणून?

मी म्हणालो, होय.

ती म्हणाली, मग सैल करायला तुम्ही उलटं फिरवताय ना?

मी म्हणालो, अर्थातच. आणि तिला सांगितले की उन्हात उभे राहू नये.

ती वाटी गजांतून आत ठेवून गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबलो. शिंप्याचे दुकान बंद असल्याची खात्री करून घेतली. आट्यांवर तेल सोडले आणि दांडा उजवीकडे फिरवला.

लोखंड किंचाळले आणि सुटले. दार इतके सहज उघडले की मी दांड्यासकट मागे पडलो.

घरच्यांना सांगितले की लाकडातील ओल अखेर उतरली. सौ. म्हणाली, हो, दिसतंय. तिने पुढे एक अक्षर काढले नाही. या उपकाराची परतफेड कशी करावी हे मला समजत नाही. तिला पलंगाच्या पट्ट्या परत देता येतील, परंतु त्यांना आता सफरचंदाचा वास येतो.

तत्त्व म्हणून आट्यांवरचे तेल पुसून काढले.

दिनांक ८, सोमवार

सकाळी गल्लीत हातगाडीची घंटा ऐकू आली. भंगारवाला.

हत्यारांवरून एकदा नजर फिरवली. पक्कड, कानशी, आटे पाडण्याचा डाय. डायची मूठ माझ्या पंजाच्या आकाराची झिजली आहे. ही सोफ्याच्या बदल्यात जावयाची नाहीत, असा निर्णय घेतला. आत गेलो. दार लावले. प्रेस दारास टेकवला आणि या वेळी पूर्ण विचारपूर्वक, डावीकडे, अंगातील सर्व शक्तीनिशी आवळला. दांडा आणखी वाकला. दाराची चीर रुंदावली, पण दार हलले नाही. आता हत्ती येऊ द्या, असे मी स्पष्ट शब्दांत म्हणालो.

चिरंजीव खिडकीशी आले. म्हणाले, बाबा, आत का गेलात परत? मी म्हणालो, भंगारवाल्यास सांगा, येथे भंगार नाही. ते म्हणाले, अहो, त्याला तो मोडका पलंग न्यायला बोलावलाय. खोली तुमचीच राहू दे. आईनं काल रात्रीच बजावलं.

मी विचारले, काय बजावले?

आई जवळपास नाही ना, हे त्यांनी आधी वळून पाहिले. मग म्हणाले, आई म्हणाली, खोली काढून घेतलीस तर ते दिवसभर माझ्यासमोर बसतील.

कारण काहीही असो, निकाल माझ्या बाजूने लागला. खोली कायमची माझी झाली. चिरंजिवांचे आभार मानले आणि बाहेर येण्याकरिता दांडा उजवीकडे फिरवला.

फिरला नाही.

पुन्हा फिरवला. लोंबकळून पाहिले. पायाने रेटून पाहिले. फळांचा रस आट्यांत उतरून काल पुसलेले लोखंड तांबूस झाले आहे आणि एकमेकांस चिकटले आहे. दांडा आता सरळ होईल किंवा तुटेल. स्क्रू हलेल अशी चिन्हे नाहीत.

सौ. खिडकीशी आली आहे. एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात जेवणाची. शिंपीही दुकानाच्या पायरीवर येऊन उभा आहे. तिने हळू आवाजात, त्याला ऐकू जाणार नाही असे विचारले, कोणत्या बाजूनं फिरवलंत?

मी म्हणालो, योग्य बाजूने.

तिचा विश्वास बसला नाही. या वेळी ते खरे होते.