उतारावरचं गवत

३ ऑगस्ट
ताईला एकटं ठेवू नकोस असं आईने बजावलं, म्हणून बॅग भरून आले. भावोजी जाऊन दोन महिने होत आले. घरामागचं आवार केवढं मोठं आहे हे मी विसरलेच होते — आधी सपाट, मग झाडं, मग उतार थेट तळ्यापर्यंत. त्याच उतारावर गवत कापताना मशीन उलटलं. मशीन तळ्यात, भावोजी त्याच्याखाली.

सपाटावर गवत गुडघ्याला लागतंय. ताई म्हणते, बसून चालवायचं नवीन मशीन तूच बघून आण. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!

५ ऑगस्ट
दुकानात गेले. मी आधी किंमत विचारली, तर दुकानदार हसला. आधी जमीन कशी आहे ते सांगा म्हणाला. उतार किती, झाडं दाट आहेत का, पाणी जवळ आहे का. सीटवरून माणूस उठला की पातं आपोआप थांबलं पाहिजे, मशीन उलटलं तरी माणूस दबू नये म्हणून सीटमागे लोखंडी कमान पाहिजे, कमरेला पट्टा पाहिजे. भावोजींच्या मशीनला यातलं काहीच नव्हतं.

घरी येऊन मागे गेले, तर उतारावरचं गवत कापलेलं! वर सगळं जंगल, आणि उतार तेवढा भांग पाडल्यासारखा. आडव्या सरळ पट्ट्या, भावोजी काढायचे तशा. ताईला विचारलं. कापलं असेल कुणी, म्हणाली. मान वर न करता भाजी चिरत राहिली.

६ ऑगस्ट
शेडमध्ये डोकावले. जुनं मशीन कोपऱ्यात आहे. ताईच्या चुलत दिरांनी दोर लावून तळ्यातून काढलं आणि इथे आणून ठेवलं. पात्याला हिरवं गवत चिकटलेलं. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला — गरम. तिथे ऊन येतच नाही.

९ ऑगस्ट
पुन्हा ताज्या पट्ट्या. मी बाजारात गेले होते तेवढ्यात. कुणाला सांगू? वेड्यात काढतील.

११ ऑगस्ट
दुकानदार जागा बघायला आला. उतारावर पट्टी ठेवून मोजमाप केलं आणि मान हलवली. सपाटासाठी मशीन देतो, पण इथे बसून कापायचं नाही, कुठलंच मशीन असो. पसरणारी झुडपं लावा आणि मोकळे व्हा. मग त्या आडव्या पट्ट्या त्याच्या नजरेस पडल्या. "इथे कोण कापतं?" माहीत नाही, मी म्हटलं. "जो कोणी असेल त्याला थांबवा, बाई."

खिडकीत ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार.

१४ ऑगस्ट
आज झालं ते आजच लिहून ठेवते.

दुपारी बँकेत जायला निघाले आणि चष्मा विसरला म्हणून परतले. फाटकातच मशीनचा आवाज ऐकला. धावत मागे गेले. उताराच्या मधोमध जुनं मशीन, आणि त्यावर भावोजींची टोपी! मग टोपीखाली ताईची वेणी दिसली. एका बाजूला झुकून, तोंड तळ्याकडे, अगदी शांत बसलेली.

ओरडले तर दचकेल, म्हणून हळूहळू जवळ गेले. आवाज थांबला. तिचा हात धरून उतरवलं. बर्फासारखा गार होता. गवतातच बसलो दोघी.

मग ताई बोलायला लागली. सगळे त्यांना निष्काळजी म्हणतात, पण त्या आठवड्यात ते जेवतही नव्हते, बोलतही नव्हते. "ते पडले की त्यांनी स्वतःला पडू दिलं, हे मला कळायला हवं होतं गं." म्हणून मी घराबाहेर पडले की त्यांच्याच वाटेने जाऊन बघायची. "आज वरच्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. आपोआप. मी काहीच केलं नव्हतं. म्हणजे त्यांनीही नसेल केलं." मग रडली. भावोजी गेल्यापासून पहिल्यांदा रडली असेल. मी तिला थांबवलं नाही.

१५ ऑगस्ट
ताई दहा तास झोपली. उठून स्वतः चहा केला, आणि मला नावं ठेवली — साखर कुठे कुठे लपवतेस म्हणून!

२० ऑगस्ट
नवीन मशीन आलं. कमान, पट्टा, सगळं आहे. ताईने सपाटावर चालवून पाहिलं. पट्टा तिने आपणहून लावला, मला सांगावं लागलं नाही. उतारावर झुडपं लावायला माळ्याला सांगितलंय. जुनं मशीन मेकॅनिकला द्यायचं ठरलं. ताई एका शब्दात हो म्हणाली.

घर हलकं वाटतंय.

२३ ऑगस्ट
मेकॅनिक आला. शेडमध्ये जुन्या मशीनची टाकी उघडली — तळ्याचा गाळ. इंजिन हाताने फिरवून पाहिलं, तसूभर हललं नाही. आत गंजून एकजीव झालंय म्हणाला, पाण्यात पडलं त्या दिवसापासून हे एकदाही चालू झालेलं नाही.

मग मी ताईला कशावरून उतरवलं?