पायरीवरची तिसरी

डार्गाविल,
मंगळवार, २० फेब्रुवारी २०२४

ती. कुईनी आत्यास,
आरिहियाचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं की सिगारेटी आता दोनच उरल्या, एक सकाळची आणि एक कामावरच्या चहाच्या सुट्टीतली, बाकी सगळं व्हेपवर भागतं. ते खरं नाही. तीन आहेत. तिसरी म्हणजे मी तुझ्याकडे येते तेव्हा, आपल्या कुळाच्या सभास्थानी, मराएवर, भांडी घासून झाली की स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बसून ओढतो ती. तंबाखू तुझी, कागद तुझा, वळतेसही तूच, म्हणून मी ती तुझ्यात धरली होती. परवा गाडी चालवताना मनात आलं की धूर तर माझ्याच छातीत जातो. दवाखान्यातली हेमाइमा, जी लोकांच्या सिगारेटी सोडवते आणि जिने मला हा व्हेप दिला, तिलाही मी दोनच सांगितल्या होत्या. उद्या तिला फोन करून खरं सांगेन.

इथे रताळ्यांचा हंगाम भरात आहे. शेडमधल्या सरकत्या पट्ट्यावरून रताळी येत राहतात आणि आम्ही लाल, पिवळी आणि चिरलेली वेगळी करतो. संध्याकाळी खोलीवर आले की बूट काढायचाही कंटाळा येतो. कधी कधी बुटांसकट बसून राहते.

ईस्टरच्या शनिवारी आजोबांच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढताना मी तुझ्याशेजारी उभं राहून पाहुण्यांना आणि पूर्वजांना बोलावणाऱ्या तुझ्या हाकेत माझी हाक मिसळायची, असं तू म्हणालीस. मी हो म्हटलं, पण घाबरले आहे. यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा वेळी मी शेडमागे जाऊन हाक देऊन बघते. पहिली ओळ निभते. दुसरीच्या शेवटी श्वास संपतो. मग मेलेल्यांना बोलावण्याची तिसरी ओळ येते आणि माझ्याजवळ काही उरलेलंच नसतं. या तिन्ही सिगारेटी मी लवकरच सोडीन.

पत्रातल्या चुकांवर नेहमीप्रमाणे लाल खुणा कर, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
आरिहिया


होकिआंगा,
सोमवार, २६ फेब्रुवारी

चि. आरिहियास,
कुईनी आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनाच्या तीन झाल्या याचं मला नवल वाटलं नाही. दहा वर्षांची होईपर्यंत मी तुला माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर शिकवलं. तेव्हाही तू बेरजेत हातचा विसरायचीस आणि मग अंथरुणातून उठून येऊन सांगायचीस की आत्या, एक राहिला. पुढे शाळेतल्या बाईंनी तुला हुशार म्हटलं. बेरजा तुझ्या कधीच बऱ्या नव्हत्या. त्यांनी पाहिलं ते उठून येणं.

तुझी ती किटली, तो वाफेचा व्हेप, मला पसंत नाही, हे पुन्हा एकदा लिहिते. मागच्या खेपेला तू ती फुंकलीस तेव्हा सगळ्या पायरीला पेरूच्या जेलीचा वास लागला. तुझा तमाती काका बाहेर येऊन विचारत होता की गोडाचं काय केलंय आणि त्याला का वाढलं नाही. सकाळची सोड, चहाची सोड, पायरीवरची राहू दे. ते काही ओढणं नव्हे, ते बसणं आहे. दिवसभर माणसांना जेवू घालून दोन बायका मागे जरा टेकल्या तर कुणाचं काय जातं? दगड बसेपर्यंत तरी तिला हात लावू नकोस. आत्ता एकदम सोडलंस तर ऐन वेळी हात कापतील.

दगड आला आहे. शेडमध्ये घोंगडी पांघरून ठेवला आहे. तमाती रोज सकाळी जाऊन त्याच्याशी बोलतो. म्हणतो, बाबा जिवंत असताना इतकं मुकाट्याने कधी ऐकून घेत नव्हते.

आता माझी बातमी. गेल्या गुरुवारी खालच्या वळणावरच्या हेनारे म्हाताऱ्याचं शव मराएवर आणलं. पाहुणे फाटकाशी उभे होते. मी हाक दिली आणि ती अर्ध्यातच गेली. खोकलासुद्धा आला नाही. नुसतं काहीच आलं नाही. पाहुण्यांत रिपेका म्हातारी होती. तिने तिकडून आपली हाक अशी उचलली, जणू तसंच ठरलं होतं.  जेवणाच्या वेळी मात्र मुलींनी मला स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही, पहिलं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. डुकराची हाडं, पुहाची भाजी, सगळं नीट वाढून. मी काय पाहुणी आहे?

तेव्हा माझ्या हाकेत हाक मिसळ, असं मी जे म्हटलं होतं ते खोडून टाक. शनिवारी हाक तू एकटीने द्यायचीस. माझ्याने होणार नाही.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी आत्या,
कुईनी


डार्गाविल,
मंगळवार, १२ मार्च

ती. कुईनी आत्यास,
आरिहियाचा सा. न. वि. वि.

दोन सुटल्या. हे मी पुन्हा पुन्हा तपासून लिहिते आहे. सकाळची सोडताना फार जड गेलं. उठल्यावर हातांना काय करायचं तेच कळेना, म्हणून मी नळापाशी उभी राहून कप धुवायचे, धुतलेले पुन्हा धुवायचे. चहाच्या सुट्टीतली पारेहुयामुळे सुटली. पट्ट्यावर ती माझ्याशेजारी असते आणि तोंडाने फटकळ आहे. मी व्हेप घेऊन ओढणाऱ्यांच्या कोपऱ्यात उभी राहिले, तर म्हणाली की अगं बाई, मांस सोडलंस तर खाटकाच्या दारात कशाला ताटकळतेस? मी म्हटलं, गप्पांसाठी. त्यावर म्हणाली की गप्पा ट्रॅक्टरपाशीही मारता येतात, आणि स्वतःची विझवून माझ्याबरोबर ट्रॅक्टरपाशी आली. दुसऱ्या दिवशी मात्र आली नाही.

खोकला उलट वाढला आहे. हेमाइमा म्हणते की काही जणांना सुरुवातीला असं होतं, धीर धर. हाकेची दुसरी ओळ आता पुरी होते. तिसरी अजून नाही.

हेमाइमाला मी तिसऱ्या सिगारेटीबद्दल सांगितलं. म्हटलं की ती महिन्यातून दोनदाच असते आणि ती माझी नाहीच, आत्याची आहे. ती हसली नाही. म्हणाली की शेवटची नेहमी कुणाच्या तरी आत्याचीच असते. व्हेप घेऊनही एखादी मागे ठेवलेली माणसं तिने खूप पाहिली आहेत. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती एक बाकीच्यांना परत बोलावून आणते.

परवा रविवारी मी आले तेव्हा तू दोन वळून खिडकीत ठेवल्या होत्यास. मी माझी ओढली. मग आपण रिकाम्या अंगणात हाक देऊन पाहिली आणि दोघींचाही श्वास एकाच ठिकाणी संपला. तेव्हा आपण किती हसलो. परत येताना गाडीत मला हसू आलं नाही.

आत्या, तुला खरं सांगते, मला तंबाखूची भीती नाही. आई गेली तेव्हा तिला टेकडीवर पोचवून आल्यावर मी भांड्यांच्या ढिगाआड लपून बसले होते. तू मला दंडाला धरून पायरीवर नेलंस आणि काही न विचारता एक वळून हातात दिलीस. त्या दिवसापासून मी मोठ्या बायकांत बसते. ती घेतली नाही तर मी कुठे बसायचं? आणि घेतली तर शनिवारी आजोबांसमोर मी तिसरी ओळ कुठून आणू? सोडायचीच आहे. लवकरच सोडीन. पण तू मला परकी मानू नकोस.

रागावलीस तरी उत्तर पाठव. तुझ्या रागापेक्षा तुझं न लिहिणं जड जातं.

तुझी,
आरिहिया


होकिआंगा,
शनिवार, १६ मार्च

चि. आरिहियास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. आत्याने प्रेमाने दिलेलं ओठाला लावायचं आणि मग तिची तक्रार दवाखान्यात जाऊन करायची, हे मी तुला शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दमलेली होते. रागवायलाही दम लागतो.

गुरुवारी टेकडीवर जाऊन आजोबांच्या जागेभोवतीचं गवत काढावं म्हणून निघाले. अर्ध्या वाटेवरच बसले. तिथून खाली मराएचं छप्पर दिसतं. कुणी नव्हतं, म्हणून एक हाक देऊन पाहिली. मेंढ्यांनीसुद्धा मान वर केली नाही. मग बसूनच उतरले, लहान मुलं घसरतात तशी. तमातीला सांगू नकोस.

मी सोडणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून सोडते असं लिहिलं, तर तू दुरुस्त्या पाठवशील. इतक्या वर्षांची सोबत आहे, आणि आता सोडून माझी हाक काही परत येत नाही. तुझी अजून गेलेली नाही. आणि ती किटली म्हणजे निर्मळ वारा आहे, असं समजून निवांत बसू नकोस. तिलाही एक दिवस खाली ठेवायचं आहे. पण एका वेळी एक. दोन्ही हातांत ओझं असलं की फाटक उघडता येत नाही.

कुठे बसायचं असं विचारतेस. ईस्टरला एवढी माणसं जेवायची आहेत. पोत्याने बटाटे सोलायचे आहेत. ते त्याच पायरीवर बसून सोलतात, आणि सोलायला दोन्ही हात मोकळे लागतात. बाकी यावर मी काही लिहिणार नाही.

तू गेल्यावर तुझ्यासाठी आणखी एक वळली होती, सवयीने. ती खिडकीत आहे. मी ओढलेली नाही आणि टाकलेलीही नाही. ती तुझी आहे. तू ये आणि तिचं काय करायचं ते कर.

आणि हे ‘लवकरच’ पुन्हा लिहू नकोस. दोन पत्रांत दोन वेळा आलं आहे, दोन्ही ठिकाणी लाल खूण केली आहे. ‘लवकरच’ हा काही वार नाही. वार लिही, तारीख लिही.

ईस्टरच्या शनिवारी मी तुझ्या मागे उभी असेन. तुटलं तर एक ओळ माझ्याकडे असेल. एकच.

तुझी आत्या,
कुईनी


डार्गाविल,
गुरुवार, २१ मार्च

ती. कुईनी आत्यास,
आरिहियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. तू घसरत उतरलीस ते मी तमाती काकाला सांगणार नाही, पण डॉक्टरांना तू स्वतः सांग. हे मी शिकवायला नको.

या रविवारी येता येत नाही. पाऊस यायच्या आत रताळी काढायची आहेत, म्हणून मालकाने सगळ्यांना बोलावलं आहे. पाठ भरून आली आहे. काल पट्ट्यावर उभ्याउभ्या माझा डोळा लागला आणि पारेहुयाने माझ्यापुढे एक सडकं रताळं ठेवून मला जागं केलं.

काल दुपारी शेडमागे हाक दिली. तिसऱ्या ओळीत आजोबांच्या नावापर्यंत पोचले. नाव घेऊन झाल्यावरही थोडासा श्वास उरला होता. त्याचं काय करायचं ते न कळून मी नुसती उभी राहिले. पारेहुया ट्रॅक्टरमागून ऐकत होती, हे मला माहीत नव्हतं.  आत आली आणि माझ्या वाटचा जड क्रेट उचलून घेऊन गेली. मला तुझं पहिलं ताट आठवलं. पण हे तसं नव्हतं.

एकदा पोचले म्हणून शनिवारी पोचेनच, असं मी लिहीत नाही. तिथे दगड असेल, माणसं असतील, कापड निघत असेल. भीती आहे तेवढीच आहे. पण माझी हाक तुटली आणि तुझी एकुलती ओळ मला वापरावी लागली, तर त्याचं कारण पायरीवरची ती सिगारेट असता कामा नये. एवढं मात्र माझ्या हातात आहे.

म्हणून असं ठरवलं आहे. ईस्टरसाठी शेड बंद झाली की मी थेट तुझ्याकडे निघेन. खिडकीतली ती माझी मी उलगडीन. तंबाखू तुझ्या डबीत परत टाकीन आणि कागद चुलीत. मग पायरीवर बसून बटाटे सोलीन. तू तुझी ओढ, मी काही म्हणणार नाही. फक्त वारा जिकडून येतो त्या बाजूला बसेन, त्याचा राग मानू नकोस. किटली अजून माझ्याजवळ आहे. तीही सुटली असं लिहिलं तर पुढचं पत्र पुन्हा दुरुस्तीने सुरू करावं लागेल. दगडापाशी ती माझ्याबरोबर नसेल, गाडीत राहील. तिचं हिवाळ्यात बघू.

सोलायला माझी सुरी घेऊन येते. तुझ्या सुऱ्यांना धार नाही, हे सगळ्या मराएला माहीत आहे. आपल्या रीतीने नाकाला नाक लावून निरोप घेते. पायरीवर माझ्यापुरती जागा ठेव.

तुझी,
आरिहिया

ता. क. वार आणि तारीख लिहायची राहिलीच. पुन्हा हातचा विसरले होते, पाकीट उघडून लिहिते आहे. गुरुवार, २८ मार्च.