अर्धी गोळी

आई, सगळ्यात आधी आली ती काठीवाली मास्तरीण. चारचं सांगितलेलं, ही साडेतीनला दारात. म्हणते, "दादीजी, माझे पाय कधी हडतालवर जातील भरोसा नाही, म्हणून मी वेळेच्या आधीच निघते." मागून बँकवाला आला, उजव्या डोळ्याने आंधळा, पण भांग काय सरळ पाडलेला! मी भुट्ट्याचा कीस केला होता. बोलता बोलता खाली लागला, तरी दोघांनी दोनदा मागून घेतला. किती दिवसांनी घरात माणसं आली म्हणून सांगू. मी नुसती आत-बाहेर करत होते.

तुला माहीत नाही, माझ्या मुलाच्या लेकीला दोन वर्षांपासून एक आजार आहे. इंग्रजी नाव इतकं लांब की म्हणेपर्यंत दूध उतू जावं. डोळ्याच्या नसेला आणि पाठीच्या कण्याला सूज येते. डॉक्टर म्हणाले, शरीरातले शिपाई आपल्याच घरावर तुटून पडतात. क्वचित कुणाला होतो हा. तुकोगंजच्या दवाखान्यात नंबर लावून बसल्या बसल्या या तिघांची ओळख झाली, आणि आता मोबाइलवर शोधून शोधून एकमेकांना सांगतात, कोणती दवाई कोणाला लागू पडली, कोणती उलटली. काल त्यासाठीच आमच्याकडे परदेशीपुऱ्यात जमले होते. या पावसाळ्यात नातीचा डावा डोळा गेला, म्हणून पुढे काय घ्यायचं ते ठरवायला.

पण हसत किती होती पोरगी! बँकवाला तिला म्हणतो, "तेरी दाईं आँख, मेरी बाईं, मिलके एक स्कूटी चला लेंगे." मास्तरीण म्हणते, "ब्रेकला माझे पाय घ्या, म्हणजे तिघांची तिकिटं एकदमच कटतील." असले विनोद दुसऱ्या कोणी केले असते तर मी झाडू घेऊन उठले असते. यांना काय म्हणणार.

मग मास्तरणीने वही काढली. झटका कधी आला, तेव्हा कोणती दवाई चालू होती, असं एकेकाचं लिहिलंय तिने. नातीला विचारलं, "गोळ्या रोज घेत होतीस ना? खरं सांग."

"रोज. आजी स्वतः देते. एक दिवस चुकली नाही."

"मग गोळी फेल," मास्तरीण म्हणाली. "रोज घेऊन डोळा जातो, तर ती तुझ्या कामाची नाही. आता बडी वाली." ती बडी वाली सलाइनमधून देतात. मास्तरणीने घेतलीय. "केस गेले, ते परत आले. पण मग मूल राहीलच असं नाही, म्हणून मुलं हवीत का, ते आधीच विचारतात. मी चाळिशीची, म्हटलं नको. तुझं वय काय, चोवीस. तू विचार कर."

नात म्हणाली, "दुसरा डोळा राहू दे, बाकीचं मग." आणि मी बशा घेऊन तिथेच उभी.

रोज दिली, आई. पण अर्धी. मधात कालवून चमच्याने तोंडात घालायची, तिला काय कळणार. गोळीने तिचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता, बघायला येणारे दोनदा चहा पिऊन गेले आणि फिरकले नाहीत. मला वाटलं, जरा उतरू दे. आणि हे मी कोणाकडून शिकले? इंग्रजी गोळी गरम पडते, डॉक्टर अख्खी सांगतो, आईने अर्धी द्यावी. तू पोळपाटावर सुरीने गोळी कापते आहेस, बोटाने चुरा गोळा करते आहेस, अजून दिसतं मला. आपल्या धाकट्याच्या, माझ्या भावाच्या, फिटच्या गोळ्या होत्या त्या. एकदा मी त्याला अख्खी दिली, तर तू मला चुलीपुढेच थोबाडीत मारलीस, "मारायचंय का त्याला?" म्हणून. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो नळावर पडला तो उठलाच नाही. तू नशिबाला बोल लावलास, आम्हीही लावला. उरलेल्या अर्ध्या ज्या पितळी डबीत ठेवायचीस, ती मला लग्नात दिलीस. नातीच्या अर्ध्या मी तिच्यातच ठेवत आले. तू गेलीस तेव्हा सगळा मोहल्ला म्हणाला, माउली गेली. मी पण म्हटलं.

मी एक वाक्य बोलले असते तर वहीतलं खोडलं गेलं असतं. गोळी फेल नाही, आजी फेल. मग बडी वाली कशाला, मग पुढेमागे हिच्या मांडीवर पोर खेळेल. पण मग ती उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघेल, आणि ते मला बघावं लागेल.

आज सकाळी अख्खी दिली. म्हणाली, "आजी, आज कडू जास्त लागतेय." मी म्हटलं, मध संपत आलाय.

हे पत्र कुठे टाकू, तुझा काय पत्ता. चौथीपर्यंतच्या अक्षरात एवढं लिहिलं तेच पुष्कळ. एक मात्र कबूल करते. जाताना बँकवाला पाया पडला, म्हणाला, "दादी हो तो ऐसी." आणि मला बरं वाटलं, आई. फार बरं वाटलं. रविवारी चारला दोघं परत येतो म्हणून गेलेत. सोमवारी डॉक्टरांना काय ते सांगायचं आहे.