बटण दाबल्यावर तू काय करतेस?

५ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. दुकान विकायला काढलंस आणि पुढच्या महिन्यात कुणी बघायला येणार आहे, असं ती म्हणाली. अर्धांगाच्या झटक्याने जीभ जड झाली म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीचं चालतं दुकान विकायचं, हे मला मुळीच पटलेलं नाही. तू फोनवर येत नाहीस, म्हणून पत्र. डाव्या हाताने रोज लिहायला डॉक्टरांनी सांगितलंच आहे, तर ते मला लिही.

आता माझं रडगाणं. माझा कॉम्प्युटर सुरू होता होता बंद पडतो. आधी कंपनीचं चिन्ह येतं, मग ठिपके गोल फिरतात आणि अचानक काळोख. पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके. असं बराच वेळ छळून झालं की मग सुरू होतो आणि दिवसभर गुणी बाळासारखा चालतो. कटिंगचे सगळे पॅटर्न त्याच्या पोटात आहेत आणि गणवेशांची ऑर्डर डोक्यावर आहे.

इथला मेकॅनिक येऊन गेला. त्याच्यासमोर एका दमात सुरू झाला. त्याने बंद करून परत लावला, तरी ठीक. जाताना त्याने माझ्याकडे जे पाहिलं, त्याचा अर्थ मला कळला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

अक्षर कसंही येऊ दे, पण उत्तर येऊ दे.

तुझी ताई

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. थोडंच लिहितो.

दुकान विकणार. गिऱ्हाइकाला विचारायचं, मग समजावून सांगायचं, असा हा तोंडाचा धंदा. माझं बोलणं फक्त हिला कळतं, तेही निम्मंच. परवा औषधाच्या दुकानात त्या माणसाने मला दोनदा विचारलं आणि मग माझ्याऐवजी हिच्याशीच बोलायला लागला. मी तिथेच उभा होतो.

तुझ्या कॉम्प्युटरला नवीन काही जोडलंस का? मेकॅनिकने आतली धूळ काढली का? आणि तो समोर असताना का चालला? हे विचित्र आहे.

तुझा धाकटा भाऊ

१६ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. त्या औषधवाल्याचा मला इतका राग आला की हातातला खडू मोडला. वाईटही वाटलं, ते लपवत नाही.

नवीन काही जोडलेलं नाही. धूळ काढली, आतल्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या. ‘हे विचित्र आहे’ याखाली तू रेघ ओढलीस, म्हणून मीही आता पाळत ठेवली आहे. शेजारीण ब्लाउजचं माप द्यायला आली, तिच्यासमोर नीट सुरू झाला. रविवारी मी शिवणकाम बंद ठेवते आणि फक्त मुलीशी बोलायला कॉम्प्युटर लावते, तेव्हाही नीट. कामाच्या दिवशी मी एकटी असले की नखरे. मला तर वाटतं, त्याला कामाचा कंटाळा आणि माणसांची हौस आहे. अगदी तुझ्या भाच्यासारखं.

तुला काही सुचतंय का, की हात टेकलेस? जे असेल ते कळव, वाट पाहते आहे.

तुझी ताई

२१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात टेकलेले नाहीत. जेवताना माझ्या डोळ्यांपुढे तुझे ठिपके फिरत असतात. हिने विचारलं, कसला विचार चाललाय. मी पाटीवर लिहून दाखवलं की ताईचा कॉम्प्युटर रविवार ओळखतो. ही खूप हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं.

आधी डिस्कवर संशय होता, पण खराब डिस्क पाहुणे बघून सुधारत नाही. उकाड्याचं म्हणावं, तर शेजारीण काय थंडी घेऊन आली होती? दुकानात असतो तर एव्हाना मी डबा उघडून बसलो असतो आणि तुला बडबडून गप्प केलं असतं. आता उघडायला डबा नाही आणि बोलायला तोंड नाही, म्हणून विचारत सुटलोय.

तर सांग. तो काय करतो ते तू छान लिहिलंस. बटण दाबल्यावर तू काय करतेस?

तुझ्या मायेतला,
भाऊ

२६ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी काय करणार? काहीच करत नाही. आता सगळा दोष माझ्यावर ढकल.

बटण दाबते. तो सुरू व्हायला वेळ खातो आणि रिकामं बसणं मला जन्मात जमलेलं नाही, म्हणून तेवढ्यात आदल्या दिवशीच्या गणवेशांच्या शिवणी दाबून घेते. तो लागेपर्यंत माझा अर्धा गठ्ठा हातावेगळा होतो. कुणी आलेलं असलं तर अर्थातच त्यांच्याशी बोलत बसते. माणसाकडे पाठ करून काम करणं बरं दिसत नाही. बस, एवढंच. यात काय सापडणार आहे तुला?

दुकानाचं काय ठरलं ते तू शिताफीने टाळतोस, हे माझ्या लक्षात आलंय. माया आहे म्हणूनच टोचते.

तुझी ताई

३० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिवणी कशाने दाबतेस? इस्त्रीची पिन कुठे लावतेस? उद्या बटण दाबून हात मांडीवर ठेवून बस. जमत नाही हे माहीत आहे, तरी बस.

घाईत,
भाऊ

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

इस्त्रीची पिन कॉम्प्युटरच्याच बोर्डात होती. बसले हात बांधून. एका दमात सुरू झाला. मग तो बंद करून परत लावला आणि मुद्दाम इस्त्रीही लावली, तर पुन्हा काळोख. मेकॅनिकला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, वायरिंग जुनं आहे, सुरू होताना कॉम्प्युटर जास्त वीज ओढतो आणि नेमकी तेव्हाच इस्त्री ती पळवते. इस्त्री आता दुसऱ्या खोलीत गेली आहे आणि हा रोज नीट लागतो.

इतक्या लांबून, डबा न उघडता सापडलं तुला. मला रडू आलं. कॉम्प्युटरसाठी नाही, हे वेगळं सांगायला नको. दुकान विकू नकोस रे. आता टोचत नाही, विनवते आहे.

आशीर्वाद आहेतच, आज जरा जास्त.

तुझी ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगतो. दुकान विकलेलं नाही.

घेणारा आला होता. ही त्याला मागची खोली दाखवायला घेऊन गेली आणि पुढे मी एकटाच होतो. तेवढ्यात एक बाई कॉम्प्युटरचा डबा कवटाळून आत आल्या. शटर उघडं दिसलं म्हणून आल्या म्हणे. हा मध्येच बंद पडतो आणि मी काहीएक केलेलं नाही, असं एका श्वासात सांगून झालं. मला तुझी इतकी आठवण आली. मी कागद पुढे केला, वर लिहिलं की बटण दाबल्यापासून तुम्ही काय काय करता ते लिहा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि डबा काखेत धरून उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. कागद सारखा घसरत होता. शेजारी खुर्ची होती, ती त्यांना दिसलीच नाही. हिला हाक मारावी असं मनात आलं. नाही मारली.

मी तोंडाने ‘बसा’ म्हटलं.

ताई, त्या बसल्या.

तुझाच,
भाऊ